पायवाल्या अक्षरांचा तक्ता

"डावा डोळा झाका," मी म्हणालो.

अण्णांनी डावा डोळा झाकला, घसा साफ केला आणि ग्रामसभेत ठराव वाचायला उभं राहिल्यासारखे खुर्चीत ताठ झाले. समोरचा तक्ता त्यांनी वरून खाली वाचून काढला. इंग्रजी अक्षरांच्या नऊ ओळी. एकही अक्षर चुकलं नाही. नववी ओळ इतकी बारीक होती की ती मलाही दिसत नसे. मी ती पाठ केली होती, कारण डोळे तपासणाऱ्याला दिसत नाही हे बरं दिसत नाही.

"आता उजवा झाका."

उजवा झाकला. पुन्हा तीच चाल, तोच ठेका. नववी ओळ संपली, पण अण्णा थांबले नाहीत.

"विश्वकल्याण प्रिंटिंग प्रेस, बार्शी. फिफ्टी कॉपीज," ते म्हणाले आणि समाधानानं हात खाली घेतला.

मी तक्त्याकडे पाहिलं. विश्वकल्याण प्रेसची ओळ तिथे होती, नाही असं नाही. पण दिव्याच्या पेटीत तक्ता बसवताना तिची पट्टी पत्र्याच्या चौकटीखाली गेली होती, त्याला अकरा वर्षं झाली होती. मी एकदा पेटी पुसायला उघडली तेव्हा तिची आणि माझी भेट झाली होती. एरवी ती वाचायची तर पत्र्यातून आरपार दिसायला हवं.

पत्र्यातून आरपार दिसणाऱ्या माणसाला चिठ्ठीवर काय नंबर लिहून द्यायचा, याचा नमुना आमच्या दवाखान्यात नव्हता.

ही दोन हजार तीनची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो आणि डॉ. मृणालिनी देशमाने यांच्याकडे डोळ्यांचे नंबर काढायचो. ज्याला तक्ता वाचता येईल त्याला मी बाहेरूनच सोडायचो. ज्याला येणार नाही तो आत मॅडमकडे जायचा. गजेंद्र पुकाळे, म्हणजे अण्णा, कधीच आत गेले नव्हते. ते विश्वकल्याण मुद्रणालयात जुळारी होते. एकेका अक्षराचे शिशाचे खिळे उचलून मजकूर जुळवायचा, हे काम त्यांनी सेहेचाळीस वर्षं केलं होतं. तिथे संगणक येऊन बसला होता, आणि मालक जयकुमारशेठ यांनी सरळ सांगितलं होतं की अण्णांचे डोळे आहेत तोवर खिळे राहतील, नंतर सगळं शिसं वितळवायला जाईल. म्हणून दर वर्षी अण्णांनी आमच्याकडून चिठ्ठी न्यायची: दृष्टी उत्तम. मागच्या वर्षीची चिठ्ठी मीच लिहिली होती. अक्षरही चांगलं आलं होतं.

"चिठ्ठी?" अण्णांनी हात पुढे केला. हात माझ्यापासून जरा बाजूला, कॅलेंडरच्या दिशेनं आला.

मी म्हणालो की मॅडमची सही लागते, नवीन नियम आहे, गुरुवारी या. नियम त्याच क्षणी जन्मला होता.

बाहेर बाकावर अण्णांच्या पत्नी मालनकाकू बसल्या होत्या. त्याच त्यांना दर वर्षी घेऊन यायच्या. त्यांनी मला हळूच खिडकीपाशी बोलावलं. काल यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला, म्हणाल्या. परवा टिळक चौकात विजेच्या खांबाला "काय वकीलसाहेब, बरं आहे ना" म्हणाले, आणि खांब बोलला नाही म्हणून घरी येईपर्यंत रागात होते. मग त्यांनी विचारलं, "बाबा, मला काही वाचता येत नाही. तुझा तो तक्ता खरं बोलतो का?"

मी म्हणालो, बघतो.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की तो तक्ता कुणी छापला होता. त्यांच्या वडिलांनी, थोरल्या डॉक्टरांनी, विश्वकल्याणमध्ये छापून घेतला होता. जुळवला अर्थात अण्णांनी.

गुरुवारी आम्ही नवा तक्ता लावून ठेवला. सोलापूरहून आणलेला, प्लॅस्टिकचा, चकचकीत. अण्णा खुर्चीत बसले. मी छडीनं पहिलं अक्षर दाखवलं. छडी तक्त्यावर टक्कन वाजली. अण्णांनी विचारलं हा कुठला टाइप, आणि मी म्हणालो, साधा, नव्या पद्धतीचा, जाड काड्यांचा.

"पाय आहेत का अक्षरांना?"

"नाहीत."

"मग ती अक्षरं नव्हेत," अण्णा शांतपणे म्हणाले. "काड्यापेटी सांडलीय ती. मला अक्षर दाखव, मी वाचतो. काड्या मोजायला मी आलेलो नाही."

मॅडम स्वतः बाहेर आल्या. पाच मिनिटं आत बसा, म्हणाल्या, यंत्रातून बघते. अण्णांनी हात जोडले. मला त्रास काहीच नाही, मंगळवारी सगळा तक्ता मी वाचलाय, याला विचारा. माझ्याकडे बोट केलं. बोट पुन्हा कॅलेंडरकडे गेलं. आणि जिना हातानं चाचपत, पण चालीत कुठेही घाई न दाखवता, ते उतरून गेले.

"म्हाताऱ्याला फसवून आत न्यायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि पुराव्याशिवाय तो येणार नाही. त्याच टाइपात नवा तक्ता छापून घे. अक्षरं वेगळी. लवकर. काचबिंदू असला तर रोज थोडं थोडं जातंय, आणि गेलेलं परत येत नाही."

मी नऊ ओळींची नवीन अक्षरं काढली, पाकिटात घातली, पाकिटावर 'गोपनीय' लिहिलं आणि जाऊन छापखान्यात दिलं. तो टाइप अख्ख्या बार्शीत एकाच छापखान्यात होता. तिसऱ्या दिवशी तक्ता वर्तमानपत्रात गुंडाळून दवाखान्यात आला. घेऊन अण्णाच आले होते.

"तिसऱ्या ओळीत दोन एच शेजारी शेजारी घातलेस," ते म्हणाले. "शोभत नव्हतं. मी एकाचा के केलाय." आणि दारातच त्यांनी नऊच्या नऊ ओळी मला म्हणून दाखवल्या.

मॅडमनी माझ्याकडे जवळजवळ मिनिटभर पाहिलं. मी एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे काम करत होतो आणि गोपनीय तक्ता ज्याच्यापासून लपवायचा त्यालाच जुळवायला दिला होता. छापखान्यात खिळे जुळवणारा दुसरा माणूसच नाही, हे मला पाकीट देताना सुचलं नव्हतं.

"आता तूच शीक," मॅडम म्हणाल्या. "आठ दिवस देते."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दवाखाना बंद झाला की मी छापखान्यात जायला लागलो. मला जुळणी शिकायचीय, असं अण्णांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. इतक्या वर्षांत कुणी शिकवा म्हणून आलंच नव्हतं, त्यामुळे कारण विचारायचं असतं हे त्यांना माहीत नसावं. त्यांनी एक स्टूल पुसलं, माझ्यासाठी पुढे सरकवलं आणि माझ्या गुडघ्यावर आपटलं.

त्या टाइपाचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. खिळ्यांसोबत आलेला कागद कधीच वाळवीनं खाल्ला होता. अण्णा त्याला 'पायवाला' म्हणायचे, कारण प्रत्येक अक्षराच्या टोकाला बारीक पाय होते. बार्शीत ज्याला आपलं म्हणणं खरं वाटावं असं वाटे, तो पायवाल्यात छापून घेई. वकिलांच्या नोटिसा, डॉक्टरांचे दाखले, कॉलेजची प्रशस्तिपत्रकं, लग्नपत्रिकेची इंग्रजी बाजू. एका कापडवाल्यानं हट्टानं सेलची जाहिरात पायवाल्यात काढली होती. लोक दुकानात चपला बाहेर काढून शिरले आणि काही न घेता परत गेले, असं अण्णा सांगायचे.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. सेहेचाळीस वर्षं इंग्रजी जुळवूनही शब्दांचा अर्थ त्यांनी कधी विचारला नव्हता. अक्षरं मात्र ते घरातल्या माणसांसारखी ओळखत.

"हा ओ बघ," ते म्हणायचे आणि खिळा माझ्या तळहातावर ठेवायचे. "सरळ उभा नाही. जरा कलता आहे. मान कलती करून ऐकणाऱ्या माणसासारखा. आणि ई चा डोळा किती लहान, लाजतोय तो. आकडे बघ, सात आणि नऊ ओळीच्या खाली लोंबतात. पोरं पारावर बसून पाय हलवतात तशी."

"पण पाय कशाला, अण्णा?"

"उभं राहायला. आणि शेजारच्याला हात द्यायला. वाचणारा एका अक्षरावरून दुसऱ्यावर जातो ना, मध्ये पडू नये म्हणून."

खिळे लाकडी खणांच्या मोठ्या ट्रेमध्ये असत. प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला. अण्णांचा हात न बघता त्या त्या खणात जायचा आणि खिळा उचलायचा. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती अंगठ्याला लागली की वरचं खालचं कळतं. जुळाऱ्यानं बघायचं नसतं, ते म्हणाले, बघत बसलास तर दिवसाला दोन पानं होतील. मी बघत बसलो. खिळे बघत नव्हतो, अण्णांना बघत होतो. मजकूर कुणीतरी मोठ्यानं वाचून सांगायचं, ही तिथली जुनी रीत; बाकी सगळं त्यांना आंधळेपणानं करता येत होतं आणि म्हणूनच छापखान्यात कुणाला काही कळलं नव्हतं. पण खणाबाहेरचं जग ठरलेल्या जागी राहत नव्हतं. पाण्याचा तांब्या कुणी हलवला की ते वीतभर बाजूच्या हवेला धरायचे. मग हात कानामागे नेऊन कान खाजवल्यासारखं करायचे.

पाचव्या दिवशी दुपारी चारला आम्ही शेजारी बसलो होतो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन सरळ ट्रेवर आलं होतं, शिसं चमकत होतं. अण्णांनी हात थांबवला.

"लाइट गेली का रे?"

मी उन्हाकडे पाहिलं. माझ्या हातावर होतं, त्यांच्या हातावर होतं.

"हो," मी म्हणालो. "आत्ताच गेली."

"हल्ली फार जाते," अण्णा म्हणाले. मग आम्ही दोघं त्या लख्ख उन्हात लाइट यायची वाट बघत बसलो. ते मला एच आणि के मधला फरक पुन्हा समजावत राहिले. थोड्या वेळानं मी म्हणालो, आली. ते म्हणाले, हो, आली खरी.

सातव्या दिवशी अण्णा एका बारशासाठी वैरागला गेले. मी जयकुमारशेठना सांगितलं की मॅडमना एक भेट छापायचीय, आणि दिवसभर बसून नऊ ओळी जुळवल्या; सगळ्यात वरचं मोठं अक्षर शिशात नव्हतं, ते पायवाल्याच्याच लाकडी ठशातलं घेतलं. पहिल्या प्रूफात चार अक्षरं डोक्यावर उभी होती. दुसऱ्यात दोन. तिसरं जरा बरं आलं. शेठ चष्म्यावरून बघत होते. भेट म्हणून मी मॅडमना अर्थहीन इंग्रजी का देणार आहे, असा प्रश्न त्यांना पडला असावा, पण त्यांनी विचारला नाही.

आठव्या दिवशी अण्णा चिठ्ठीसाठी दवाखान्यात आले. मालनकाकू आत येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. मी पेटीत माझा तक्ता लावला आणि दिवा लावला.

"पायवालाच आहे ना?" अण्णांनी विचारलं.

"पायवालाच."

"डावा झाकू?"

"झाका."

त्यांनी डावा झाकला आणि वाचायला सुरुवात केली. तोच ठणठणीत आवाज. ते त्यांनी स्वतः जुळवलेला तक्ता म्हणत होते, गोपनीय पाकिटातला. तिसऱ्या ओळीत एच नंतर के. माझ्या तक्त्यावर यातलं एकही अक्षर त्या जागी नव्हतं. मी थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही. नऊ ओळी पुऱ्या झाल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तेच समाधान होतं, आणि भिंतीपाशी मालनकाकूंनी सुटकेचा श्वास सोडला. त्यांना वाटलं, सगळं बरोबर आलं.

"आता उजवा," मी म्हणालो.

अण्णांनी उजवा झाकला. "डी," ते म्हणाले, आणि थांबले.

मान पुढे काढली. मग डावीकडे केली, मग उजवीकडे, दाराच्या फटीतून बघावं तशी.

"हा डी नाही."

"नाही."

"हा आर आहे. लाकडी टाइपातला, मोठा. पाय बघ कसा पुढे टाकलाय त्यानं." ते हळूहळू बोलत होते. "हे मी जुळवलेलं नाही."

"नाही, अण्णा."

"मग कुणी?"

"मी."

मला वाटलं आता उठून जातील. पण ते त्या एका अक्षराकडे बघत राहिले. दोन वर्षं ते खिळे बोटांनीच ओळखत होते. कागदावरचं अक्षर त्यांनी मधल्या काळात बहुतेक पाहिलंच नव्हतं.

"देखणा आहे," ते म्हणाले. "मी विसरलो होतो. आरच का घेतलास?"

"तुम्ही म्हणाला होता, पायवाल्यात आर सगळ्यात रुबाबदार."

"म्हणालो होतो खरा." मग त्यांनी विचारलं, "याच्या खाली काही आहे का?"

मालनकाकूंनी पदर तोंडाला लावला.

"आठ ओळी आहेत," मी म्हणालो.

"वाच बरं."

मी तक्त्याजवळ गेलो आणि वाचला. दवाखान्यात पहिल्यांदाच पेशंट खुर्चीत बसून ऐकत होता आणि तपासणारा वाचत होता. अण्णा एकेका अक्षराला मान हलवत होते. पाचव्या ओळीला त्यांनी हात वर केला. "एल शेजारी व्ही ठेवलास? मध्ये खिंडार पडलं असेल." मी म्हणालो, पडलंय. "असू दे. पहिल्या खेपेला पडतं."

मग ते उठले आणि स्वतःहून मॅडमच्या खोलीकडे निघाले. दार त्यांच्यापासून हातभर डावीकडे होतं. मी कोपर धरलं. त्यांनी सोडवून घेतलं नाही.

मॅडमनी चाळीस मिनिटं तपासलं. काचबिंदूच होता. उजवा डोळा पुरता गेला होता. डाव्यात मधला थोडा भाग शिल्लक होता आणि थेंब नेमानं घातले तर तो टिकेल, असं त्या म्हणाल्या. अण्णांनी विचारलं, उजव्याचं काहीच नाही का होणार? मॅडम म्हणाल्या, नाही. वर्षभरापूर्वी आला असतात तर. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही आणि प्रिस्क्रिप्शन लिहायला घेतलं.

मला विनोद सुचला की मी तो बोलतो. त्या वेळी एकही सुचला नाही.

"वर्षभरापूर्वी आले होते ते," मी म्हणालो. "अण्णा, मागची चिठ्ठी मी दिली. तुम्हाला दिसतंय असं मी लिहून दिलं. तुम्ही एका चालीत म्हणत होतात, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

अण्णा आवाजाच्या दिशेनं वळले. या वेळी अंदाज बरोबर आला.

"तो तक्ता कुणी जुळवला होता?"

"तुम्ही."

"मग झालं तर. आमच्याकडे चूक जुळवणाऱ्याची धरतात. वाचणाऱ्याची नाही."

मॅडमनी तोवर चिठ्ठी लिहून पुढे केली होती, शेठसाठी. अण्णांनी कागदावरून बोट फिरवलं. हातानं लिहिलेलं नको, म्हणाले. आजवर खोट्या चिठ्ठ्या हातानं लिहिलेल्या दिल्या. ही पायवाल्यात देऊ.

पुढचं आधीच सांगून टाकतो. शेठनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि कुणी जुळवली ते विचारलं. अण्णांनी माझ्याकडे हात केला. शेठ म्हणाले, मी अण्णांचे डोळे असेपर्यंत म्हणालो होतो, पण जुळाऱ्याचे डोळे असले तरी माझं भागतं. रविवारी येत जा. मी अजून जातो. डाव्या डोळ्यातलं होतं तेवढं अण्णांना शेवटपर्यंत पुरलं. अकरा वर्षं ते शेजारच्या स्टुलावर बसून माझ्या चुका अंगठ्यानं काढत राहिले.

पण त्या दुपारी छापखान्यात आम्ही तिघंच होतो. शेठ जेवायला गेले होते. मालनकाकू कागदाच्या गठ्ठ्यावर बसल्या. मी मॅडमची चिठ्ठी समोर ठेवून इंग्रजीत जुळवायला लागलो. अण्णांचं नाव, वय, मग डावा डोळा, मग उजवा. दोनदा खिळा हातातून पडला.

जुळवून झाल्यावर मी ओळी त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी अंगठा पहिल्या ओळीवरून फिरवला, दुसऱ्या, तिसऱ्या. एक खिळा उलटा होता. खाच चुकीच्या बाजूला लागली. तो त्यांनी स्वतः काढून फिरवला. शेवटच्या ओळीवर अंगठा थांबला.

"इथे काय लिहिलंय?"

इतक्या वर्षांत त्यांनी जुळवलेल्या मजकुराचा अर्थ कधी कुणाला विचारला नव्हता.

"उजव्या डोळ्याची दृष्टी," मी म्हणालो, "गेली आहे."

"गेली, हा शब्द कुठला?"

मी त्यांचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं.

"फार चिकटलाय," अण्णा म्हणाले. "त्याच्या आधी जरा जागा सोड."

मी एक बारीक पट्टी घातली. त्यांनी पुन्हा अंगठा फिरवला, सावकाश, ओळीच्या टोकापर्यंत.

"आता बरोबर आहे," ते म्हणाले. "छाप."